नकाशावरची सरळ रेघ

दोन अंकांपूर्वी मी कनूच्या (वल्ह्याने चालवायची अरुंद, हलकी होडी) प्रवासावर छोटंसं लिहिलं होतं, त्यानंतर पत्रं आली ती बहुतेक सगळी एकाच गोष्टीबद्दल, की मोठ्या सरोवरांतून, जंगलात, पाच-सात दिवस कनूने जायचं तर तयारी कशी करायची. म्हणून यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं काढून टाकलीत.

प्रश्न : आम्ही चार मित्र, दोन कनू, कॅनडातल्या क्वेटिको पार्कमध्ये ७ दिवस जायचं ठरवलंय. नकाशावर रूट आखून मोजलं तर एकूण १८० किलोमीटर भरतं, म्हणजे दिवसाला पंचवीस-सव्वीस. चौघंही फिट आहोत, दोघं मॅरेथॉन पळतात. सातव्या दिवशी संध्याकाळपर्यंत बाहेर यायलाच हवं, कारण आठव्या दिवशी सकाळची फ्लाइट आहे. हे जमण्यासारखं आहे ना?

उत्तर : तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती फ्लाइटच्या वाक्याची. अंतराचं नंतर बघू, आधी ती फ्लाइट किमान दोन दिवस पुढे ढकला, तिकीट बदलायचे पैसे लागले तरी ढकला.

का ते सांगते. जंगलातल्या रस्त्यावर पाऊस आला तर तुम्ही रेनकोट घालून चालत राहता, स्पीड थोडा कमी होतो इतकंच. मोठ्या सरोवरावर तसं नसतं, तिथे वारा सुटला की तुमचा फिटनेस, मॅरेथॉन, काहीही उपयोगाचं नसतं, किनाऱ्यावर बसून राहावं लागतं, कधी चार तास तर कधी दीड दिवस. जो माणूस बसून राहू शकत नाही कारण त्याला उद्याची फ्लाइट पकडायचीय, तो नको त्या वेळी पाण्यात उतरतो. असे निर्णय मी जवळून पाहिलेत आणि एकदा स्वतः घेतलाय.

आमची ती ट्रिप ६ दिवसांची होती. पाचव्या दिवशी दुपारी एका मोठ्या सरोवराच्या काठी आलो, पलीकडचा किनारा साधारण ३ किलोमीटरवर होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी न्यायला येणार होती. आम्ही उभे होतो ती जागा एका टेकडीच्या आडोशाला, तिथे पाणी अगदी शांत, बारीक सुरकुत्या फक्त. निघालो. साधारण एक किलोमीटर गेल्यावर टेकडीचा आडोसा संपला आणि वारा एकदम बाजूने अंगावर आला, लाटा गुडघ्याएवढ्या, आणि मागे वळायचं तर कनू आडवी करावी लागणार, म्हणजे त्या क्षणी लाट सरळ काठावरून आत. वळता येईना म्हणून पुढेच जात राहिलो. माझी मैत्रीण पुढे वल्हवत होती, मी मागे. दर सात-आठ वल्ह्यांनंतर एक लाट काठावरून ओंजळभर पाणी आत टाकायची. ओंजळभरच, पण पंधरा मिनिटांत माझे गुडघे पाण्यात होते आणि पुढची बॅग तरंगायला लागली होती. वल्हवणं थांबवून पाणी उपसावं तर कनू फिरते, आणि उपसू नये तर जड होऊन आणखी खाली बसते. आम्ही शेवटी ठरवलेल्या जागेचा नाद सोडला, वारा नेईल तिकडे तिरकं जात राहिलो आणि दोन किलोमीटर भलतीकडे एका खडकाळ किनाऱ्याला लागलो. सगळे सुखरूप होतो. पण त्या संध्याकाळी सहानंतर वारा पूर्ण पडला, सरोवर आरशासारखं झालं, आणि मला आजही वाटतं की फक्त चार तास थांबायचं होतं.

आता तुमच्या १८० किलोमीटरकडे येऊ. सामान भरलेली कनू शांत पाण्यात ताशी ४ ते ५ किलोमीटर जाते. समोरून बऱ्यापैकी वारा असेल तर ताशी २ वर येते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा अंगावरचा रेटा दुप्पट नाही, चौपट होतो, म्हणून तर 'थोडासाच वाढलाय' असं वाटतं आणि हात भरून येतात. पहिल्यांदा जाणाऱ्या ग्रुपने दिवसाला १५ किलोमीटरच्या आसपास धरावं, पोर्टेज (कनू आणि सामान उचलून जमिनीवरून न्यायच्या वाटा) जास्त असतील तर त्याहून कमी. आणि दर चार-पाच दिवसांमागे एक दिवस पूर्ण रिकामा, वाऱ्यासाठी राखून ठेवलेला. वारा आलाच नाही तर तो दिवस पोहायला, मासे पकडायला, झोपायला आहेच. ७ दिवसांत ६ दिवस प्रवास, गुणिले १५ म्हणजे ९० किलोमीटर. तुमच्या प्लॅनच्या बरोबर निम्मं. हे वाचून हिरमोड होईल याची कल्पना आहे, पण निम्मं केलेलं बरं.

दुसरी गोष्ट, तुम्ही नकाशावर रेघ मारली ती सरोवराच्या मधून सरळ मारली असणार, सगळे तसंच करतात. ती पुसा आणि किनाऱ्याला धरून पुन्हा आखा. १:५०,००० च्या नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, त्यावर दोरा ठेवून किनाऱ्याच्या वळणांवरून फिरवा आणि मग दोरा मोजा, अंतर दीडपट सहज होतं. तेच तुमचं खरं अंतर. मधून जायचंच असेल तर जिथे दोन किनारे सगळ्यात जवळ येतात किंवा मध्ये बेटं आहेत तिथूनच, बेटाच्या मागे बेटाच्या मागे असं करत.

आणि प्रत्येक मोठ्या सरोवराचा लांब अक्ष कोणत्या दिशेला आहे ते नकाशावर बाणाने दाखवा. मोकळ्या पाण्यावरून वारा जितकं लांब अंतर वाहत येतो तितकी लाट मोठी होते. एकाच वाऱ्यात एक किलोमीटरच्या तळ्यावर नुसत्या सुरकुत्या असतात आणि १५ किलोमीटर लांब सरोवराच्या वाऱ्याखालच्या टोकाला कनू बुडवतील अशा लाटा. त्या भागात थंड हवेचा पट्टा पुढे सरकून गेला की बऱ्याचदा एक-दोन दिवस वायव्येकडून जोरदार वारा राहतो, तर जे सरोवर वायव्य ते आग्नेय असं पसरलंय त्याच्या आग्नेय टोकाला तुमचा मुक्काम असेल आणि तुम्हाला वायव्येकडे जायचं असेल तर तिथे अडकायची शक्यता जास्त. तो राखीव दिवस अशाच जागेच्या आसपास ठेवा, ट्रिपच्या शेवटी नको.

प्रश्न : लोक म्हणतात की सरोवर सकाळी लवकर पार करावं. पण आम्हाला जंगलात सुट्टी घालवायचीय, पहाटे चारला उठून पळायचं असेल तर मजा काय? खरंच इतका फरक पडतो का? आणि पाण्यात उतरायचं की नाही हे नेमकं बघायचं कसं?

उत्तर : फरक पडतो, खूप पडतो. दिवस वर आला की जमीन तापते, हवा खालीवर ढवळली जाते आणि वरचा जोराचा वारा खाली पाण्यापर्यंत येतो. म्हणून साधारण सकाळी दहा-अकरापासून वारा चढत जातो, दुपारी सगळ्यात जास्त, आणि सूर्य कलला की पडतो. हवामानच बिघडलेलं असेल तर रात्रभरही वाहतो, ते वेगळं. पण नेहमीच्या दिवसांत पहाटे साडेपाच ते साडेनऊ हे चार तास म्हणजे सोनं आहे. मी करते काय, तर मोठं सरोवर ज्या दिवशी असेल फक्त त्या दिवशी लवकर उठते, आदल्या रात्री नाश्त्याचं सुकं काढून ठेवते, चहा सुद्धा पलीकडे गेल्यावर. पलीकडे आठ वाजता पोचून, दगडावर बसून, उन्हात जो चहा होतो ना, त्यासाठी मी चारला उठायला तयार असते. मग दुपारी दोनला मुक्कामाला लागायचं आणि उरलेला दिवस तुमचा. सुट्टी तिथे असते की.

बघायचं कसं हे मात्र नीट समजून घ्या कारण डोळे फसवतात. तुम्ही वाऱ्याच्या बाजूच्या किनाऱ्यावर उभे असाल, म्हणजे वारा तुमच्या पाठीमागून सरोवराकडे वाहतोय, तर तुम्हाला लाटांची पाठ दिसते, आणि पाठीकडून लाट नेहमी लहान वाटते. शिवाय तिथलं पाणी आडोशाचं. म्हणून किनाऱ्यावरच्या सगळ्यात पुढे आलेल्या टोकापर्यंत चालत जा, उंच दगड असेल तर त्यावर चढा आणि दूरचं पाणी बघा, दहा मिनिटं बघा, दोन नाही. पांढरे फेस दिसतायत का? अधूनमधून एखादा दिसत असेल तर वारा साधारण ताशी १२ ते १९ किलोमीटरचा, आणि सगळीकडे दिसत असतील तर २० च्या वर. लहान बेटाच्या मागून जाण्यासारखी वाट नसेल तर नवख्या माणसाने एकही फेस दिसत असताना मोठं पाणी पार करायला निघू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अनुभवी लोक जातात, पण त्यांचं बघून तुम्ही जाऊ नका.

मग वेळ मोजा. २ किलोमीटर म्हणजे अर्धा तास. पुढच्या अर्ध्या तासात काय बदलू शकतं? पश्चिमेला काळं दिसतंय का, गडगडाट ऐकू येतोय का? आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण ३ सेकंद लागतात, वीज दिसल्यापासून ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे, आणि तुम्ही त्या सपाट पाण्यावरची सगळ्यात उंच गोष्ट आहात. नुसता गडगडाट ऐकू आला तरी किनारा गाठायचा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं. यात तडजोड नाही.

आणि निघालातच आणि वारा वाढला तर सीटवरून उतरून गुडघ्यांवर बसा, वजन खाली गेलं की कनू एकदम स्थिर वाटायला लागते. लाटा सरळ समोरून घेऊ नका, थोडं तिरकं जा म्हणजे पुढचं टोक लाटेत घुसत नाही, पण पूर्ण आडवंही होऊ नका. वाऱ्याकडे जायचं असेल तर निघायच्या आधीच बॅगा थोड्या पुढे सरकवा, वारा पाठीमागून असेल तर थोड्या मागे. एवढ्याशा बदलाने कनू सरळ राहते, नाहीतर मागचा माणूस नुसती दिशा सांभाळण्यातच थकतो.

प्रश्न : माझा नवरा उत्तम पोहतो, नदीत पोहतच मोठा झालाय. त्याचं म्हणणं लाइफ जॅकेट कनूमध्ये पायाशी ठेवलं की झालं, उकडतं घालून. आम्ही मे महिन्याच्या शेवटी जातोय. मी कटकट करतेय का?

उत्तर : नाही, अजिबात नाही. हे उत्तर त्यांना वाचायला द्या.

मे अखेरीस त्या उत्तरेकडच्या सरोवरांवरचा बर्फ जाऊन जेमतेम महिना झालेला असतो. हवा छान २२ डिग्री असेल, ऊन असेल, टी-शर्टवर वल्हवत असाल, आणि पाणी १० डिग्रीच्या आसपास. गार पाण्यात काय होतं याचा एक सोपा हिशोब आहे, १-१०-१, तो मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी लोकांपर्यंत पोचवला. पहिला १ मिनिट श्वास तुमच्या ताब्यात नसतो, धाप लागते, आणि त्यात एक घोट पाणी छातीत गेलं तर उत्तम पोहणाराही तिथेच संपतो. मग साधारण १० मिनिटं हात-पाय उपयोगाचे असतात, त्यानंतर बोटं वळत नाहीत, बक्कल लागत नाही, दोरी धरवत नाही. आणि शरीर गारठून शुद्ध जायला साधारण १ तास. म्हणजे बघा, लोकांना वाटतं माणूस थंडीने गारठून मरतो, पण बरेचजण त्याच्या कितीतरी आधी, पहिल्या मिनिटात नाहीतर पहिल्या दहा मिनिटांत बुडतात. पोहता येणं हे हात चालतात तोवरच. पायाशी ठेवलेलं जॅकेट कनू उलटल्यावर वाऱ्याने निघून जातं, आणि सापडलं तरी त्या मिनिटात ते अंगावर चढवता येत नाही. करून बघा, उन्हाळ्यात कोमट पाण्यात सुद्धा किती अवघड जातं.

पण जॅकेट घातलं म्हणजे सगळं झालं असंही नाही, हेही मला सांगायचंय. ११ जून १९७८ ला ऑन्टारिओ आणि क्वेबेकच्या सीमेवरच्या टिमिस्कमिंग सरोवरात एका शाळेची २७ मुलं आणि ४ शिक्षक ४ मोठ्या कनूंमधून निघाले होते, लांबच्या प्रवासाचा पहिलाच दिवस. वाऱ्यात एक कनू उलटली, बाकीचे मदतीला गेले आणि त्यांच्याही उलटल्या. १२ मुलं आणि १ शिक्षक गेले. अंगावर लाइफ जॅकेट होती. पाणी गार होतं. मला ही घटना दरवेळी प्लॅन करताना आठवते. जॅकेट तुम्हाला वर ठेवतं, गरम ठेवत नाही, म्हणून गार पाण्याच्या दिवसांत किनाऱ्यापासून तेवढंच लांब जायचं जेवढं उलटल्यावर परत येता येईल. आणि कुणी उलटलं तर दुसऱ्या कनूने मदतीला जायचं कसं, हे आधी शिकायचं. उलटलेली कनू दुसऱ्या कनूच्या काठावर आडवी ओढून पाणी ओतून टाकायचं, पुन्हा सुलटी करून पाण्यात सोडायची, मग माणसं एकेक करून आत. निघायच्या आधी एका वीकेंडला गुडघाभर पाण्यात आणि मग गळाभर पाण्यात चार-पाच वेळा करून बघा, पहिल्या वेळी वीस मिनिटं लागतात आणि पाचव्या वेळी तीन. आणि उलटलात तर कनू सोडायची नाही, पाण्याने भरली तरी ती तरंगते आणि शोधणाऱ्याला डोक्यापेक्षा ती आधी दिसते.

शक्य असेल तर जुलैच्या मध्यानंतर जा. मे अखेर ते जून तिथे ब्लॅकफ्लाय (चावणाऱ्या बारीक काळ्या माश्या) आणि डास पण भयंकर असतात.

प्रश्न : बाउंड्री वॉटर्स, क्वेटिको की अल्गॉन्क्विन? परमिटचं काय असतं?

उत्तर : तिन्ही सुंदर आहेत. बाउंड्री वॉटर्स अमेरिकेत, उत्तर मिनेसोटात, १० लाख एकरांहून मोठं आणि १,१०० हून जास्त तळी. क्वेटिको त्याला लागूनच सीमेपलीकडे ऑन्टारिओत. अल्गॉन्क्विन पण ऑन्टारिओतच पण खूप पूर्वेला, १८९३ पासूनचं जुनं पार्क. तिन्हीकडे ९ माणसांची मर्यादा आहे, आणि काचेच्या बाटल्या, डबाबंद खाण्याचे कॅन आतमध्ये न्यायला बंदी.

नियमांपैकी एक फरक मला महत्त्वाचा वाटतो आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. बाउंड्री वॉटर्स आणि क्वेटिकोत तुम्ही कुठून आणि कोणत्या तारखेला आत जाणार ते बुक करता, पुढे कोणत्या रात्री कुठे राहायचं ते तुमच्यावर असतं. बाउंड्री वॉटर्समध्ये १ मे ते ३० सप्टेंबर रात्री राहण्यासाठी असं ठराविक संख्येचं परमिट लागतं, आणि तंबू फक्त ठरलेल्या, चुलीची जाळी असलेल्या जागांवरच. अल्गॉन्क्विनमध्ये मात्र प्रत्येक रात्रीचं सरोवर आधी बुक करावं लागतं. म्हणजे वाऱ्याने एक दिवस खाल्ला की पुढचं सगळं बुकिंग सरकतं, आणि ते गाठायला लोक घाई करतात. तिथे ओपिओंगो हे सगळ्यात मोठं सरोवर आहे आणि वाऱ्यासाठी प्रसिद्ध आहे. अल्गॉन्क्विनला जाणार असाल तर ओपिओंगोच्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी मुद्दाम जवळचं जवळचं बुकिंग करा. आणि लाटा असतील तर बुकिंग गेलं तरी थांबा, सुरक्षिततेसाठी थांबलो हे पार्कच्या माणसाला सरळ सांगायचं. ऑन्टारिओ पार्क्सचं बुकिंग ५ महिने आधी उघडतं, जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारच्या तारखा पटापट जातात, मधल्या वारी निघा.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी क्वेटिको किंवा बाउंड्री वॉटर्सच सुचवेन, त्या मोकळीकीसाठी.

प्रश्न : पोर्टेजचं अंतर नकाशात 'रॉड'मध्ये दिलंय, ते काय असतं? आणि सामान किती न्यावं?

उत्तर : दोन सरोवरांच्या मधल्या जमिनीवरून कनू आणि सामान उचलून न्यायची वाट म्हणजे पोर्टेज. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कनूची लांबी, आणि ३२० रॉड म्हणजे एक मैल. बाउंड्री वॉटर्सच्या नकाशांवर तेच माप चालतं.

इथे एक हिशोब चुकतो. सामान एका फेरीत गेलं नाही तर दोन फेऱ्या कराव्या लागतात, म्हणजे एकदा न्यायचं, मोकळं परत यायचं, पुन्हा न्यायचं. अंतर दुप्पट नाही, तिप्पट. एक किलोमीटरचं पोर्टेज तीन किलोमीटर होतं, चिखलातून आणि दगडांवरून. दिवसात अशी तीन असतील तर त्या दिवशी वल्हवायला किती उरलं ते बघा. म्हणून वजन कमी करा, पण मूर्खासारखं नको, म्हणजे कोरड्या कपड्यांचा जोड, लोकरीची टोपी, ताडपत्री आणि फर्स्ट एड यातून ग्रॅमसुद्धा काढू नका. केव्हलारची (हलक्या पण मजबूत कृत्रिम धाग्याची) कनू १९-२० किलोची असते आणि ॲल्युमिनियमची ३२-३४ किलोची, भाड्याचा फरक परवडत असेल तर हलकीच घ्या. खाण्याचं सुकं सामान माणशी दिवसाला पाऊण किलोच्या आसपास पुरतं, आणि दोन दिवसांचं जास्त न्या, तेच वाऱ्याच्या दिवसांचं. जास्तीचं खाणं सोबत असलं की थांबायचा निर्णय सोपा होतो.

कनूत जादा वल्हं, पाणी उपसायला काहीतरी (मी प्लॅस्टिकच्या मोठ्या कॅनचा तळ तिरका कापून बनवलंय आणि दोरीने बांधून ठेवते), शिट्टी, आणि तरंगणारी १५ मीटर दोरी. कॅनडात हे उपसायचं भांडं, शिट्टी, दोरी आणि प्रत्येकाचं जॅकेट कायद्यानेच लागतं.

प्रश्न : अस्वलं?

उत्तर : खाणं, टूथपेस्ट, साबण, वास येणारं सगळं अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात किंवा झाडावर उंच टांगून, तंबूपासून लांब. तंबूत एक चॉकलेटसुद्धा नको. स्वयंपाक तंबूपासून लांब. एवढं केलंत की अस्वलापेक्षा वाऱ्याकडे आणि गार पाण्याकडे जास्त लक्ष द्या.

प्रश्न : फोनवर नकाशा डाउनलोड केला तर कागदाचा कशाला? आणि आत रेंज नसते तर घरचे काळजी करतात, काय सोय करावी?

उत्तर : फोन न्या, जीपीएस उपयोगी पडतोच. पण सरोवराच्या मधे, लाटांत, ओल्या बोटांनी स्क्रीन चालत नाही, आणि एका बेटामागे दुसरं बेट सगळी सारखीच दिसतात तेव्हा मोठा कागद मांडीसमोर उघडा असला की अर्धा गोंधळ जातो. वॉटरप्रूफ पाकिटात नकाशा, ते पाकीट समोरच्या आडव्या दांडीला बांधलेलं, आणि होकायंत्र गळ्यात. दोन कनू असतील तर दोन नकाशे.

सॅटेलाइट मेसेंजर (रेंज नसतानाही उपग्रहावरून मेसेज पाठवणारं छोटं यंत्र) भाड्याने मिळतो तो घ्याच. आणि घरी एक कागद लिहून ठेवा, रूट, कनूंचा रंग, किती माणसं, कुठे गाडी उभी, आणि कुठल्या तारखेला किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला फोन करायचा. त्या तारखेत वाऱ्याचे दिवस मिळवून लिहा, आणि घरच्यांना समजावून सांगा की ठरल्यापेक्षा एक दिवस उशीर म्हणजे संकट नाही, आम्ही कुठेतरी किनाऱ्यावर बसलोय. हे सांगितलं नाही तर तुम्ही त्यांच्या काळजीपोटी घाई करता, मी करायचे.

प्रश्न : बाबांना यायचंय. ते ६४ वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात पण तरुणपणी खूप वल्हवलंय. आई म्हणते नेऊ नकोस. आणि मला दुसरी भीती अशी की वाऱ्यामुळे अडकलो तर त्यांना कंटाळा येईल, दिवसभर करायचं काय?

उत्तर : न्या त्यांना. आईंना हे सांगा की रूट असा निवडाल ज्यात पोर्टेज नाहीतच किंवा एखादंच छोटं आहे, मोठ्या सरोवरांचा हाच तर फायदा असतो, दिवसेंदिवस न उचलता जाता येतं. डॉक्टरांना विचारा, औषधं दोन वेगवेगळ्या वॉटरप्रूफ डब्यांत आणि दोन वेगळ्या बॅगांत ठेवा. रोज मुक्काम हलवू नका, एकेका जागी दोन-दोन रात्री राहा. गुडघ्यांवर बसायला त्यांना त्रास होईल, म्हणून त्यांची सीट थोडी खाली बसवून घ्या आणि पाठीला टेकायला काहीतरी द्या, आणि फेस दिसत असेल तर त्यांच्यासोबत निघूच नका, कारण गुडघ्यांवर बसून कनू स्थिर करायचा उपाय तुमच्याकडे नाहीये.

कंटाळ्याचं म्हणाल तर वाऱ्याचा दिवस नीट मांडला तर जातो. सकाळी उठून पाणी बघायचं, निघायचं नाही हे ठरलं की लगेच ठरलं, मग दर अर्ध्या तासाने उठून बघत बसायचं नाही, त्याने जीव थकतो. पुन्हा बघायचं ते संध्याकाळी पाचला. ताडपत्री वाऱ्याकडून खाली, मागून वर अशी नीट ताणून बांधायची, तिच्याखाली चूल. ओलं झालेलं सगळं सुकवायचं. बाबांना दोरीच्या गाठी येत असतील तर तुम्ही शिकून घ्या, मला माझ्या मामांनी अशाच एका दिवशी, आठ तास वारा घोंघावत असताना, एका हाताने मारायची गाठ शिकवली होती आणि ती मी अजून कनू बांधताना वापरते. पाचला त्यांना टोकावर घेऊन जा. पाणी मऊ झालेलं दिसलं, फेस गेलेले असले, तर अंधार पडायला किती वेळ आहे ते मोजा, आणि दोन तास हातात असतील तर जेवण आटोपून संध्याकाळच्या शांत पाण्यात निघा. नसतील तर पहाटेचा गजर लावा.